दोन्ही गाड्यांत सव्वा सेकंद

सगळं सारखंच आहे असं कुणी सांगितलं की मला आधी शंका येते. बायको म्हणते, "तुम्ही भाकरसुद्धा उलटीपालटी करून बघता, मग तोंडात घालता." बघतो. त्यात काय चुकलं? एका बाजूनं कच्ची राहिलेली भाकर वरून चांगलीच दिसते.

हा स्वभाव मला वडलांकडून आला. ते लातूरच्या आडतीत तराजू दुरुस्त करायचे. तूर, करडई, सोयाबीन, जे काही तोललं जायचं त्याच्यामागे त्यांचा हात असायचा. वजनमापवाले साहेब वर्षाकाठी एकदा यायचे, तराजूला शिसाचं सील ठोकायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. व्यापारी त्या सीलकडं बोट दाखवून म्हणायचा, हे बघा, सरकारी हाय. वडील हसायचे. म्हणायचे, "सील वरून असतंय, पाप आतून."

सील न तोडता काटा तपासायची त्यांची एक पद्धत होती. डाव्या पारड्यात माल, उजव्यात वजनं घालून तोलायचं. मग अदलाबदल करायची, माल उजवीकडं आणि वजनं डावीकडं. काटा खरा असला तर दांडी पुन्हा सरळ राहते. कुणी दांडीचा एक हात केसभर लांब ठेवून काटा मारला असला तर तिथंच उघडं पडतं. शेतकरी माल घेऊन आला की वडलांना हाताला धरून न्यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, जरा पारडी बदलून बघा." पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले, वडलांचं काम संपलं, आणि मी इंजिनात शिरलो.

बार्शी रोडला माझं गॅरेज आहे. पोटापाण्यासाठी मी जीपा आणि छोटा हत्ती दुरुस्त करायचो, पण खरा जीव शर्यतीच्या गाड्यांत होता. धुळीच्या ट्रॅकवरच्या शर्यती तेव्हा जोरात होत्या. नियम मोकळे होते. जुनी गाडी घ्या, हवी तशी खोला, हवी तशी बांधा आणि पळवा. माझ्या गाड्या चालवायचा माझा दोस्त. तो नांदेडचा, त्यांच्या घरात तीन पिढ्या ट्रकच्या बॉड्या बांधायचं काम. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मिस्त्री. मुखेडच्या अलीकडं एक उजाड माळ आहे, तिथं आम्ही गाडी तपासायचो. तो चालवायचा, मी टेकाडावर घड्याळ घेऊन बसायचो.

भाईची एक सवय होती. तो आकडा कधी बघायचा नाही. किती सेकंद लागले, कितवा आलो, काहीच विचारायचा नाही. आकडा बघितला की नजर लागते असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "आकडा तू बघ, रस्ता मी बघतो," असं म्हणायचा. मी फक्त "बरं हाय" किंवा "आणखी ओढ" एवढंच सांगायचं, आणि तो ते अगदी देववाणी असल्यागत मानायचा. दहा वर्षं असंच चाललं आणि दहा वर्षं आम्ही जिंकत राहिलो. सगळ्या नाही, पण जिंकायच्या त्या जिंकल्या.

हार मात्र त्याच्या गळ्यात पडायचे. मला राग यायचा का? यायचा की! खोटं कशाला बोलू? चार महिने तेल माखून गाडी बांधायची मी, आणि मिरवायचं यानं. चहाच्या टपरीवर मी मुद्दाम चारचौघांत म्हणायचो, "अरे ह्या गाडीत म्हैस बसवली असती तरी पहिली आली असती." तो मिशीत हसायचा. "हाव रे मिस्त्री. मग पुढच्या येळंला म्हशीलाच बसव. चारा तू घाल." लोक खो खो हसायचे. पण माझं ते बोलणं अर्धंच थट्टेचं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. जिंकतो कोण, गाडी का माणूस, ह्या एका गोष्टीवर आमची दहा वर्षं जुंपलेली होती.

मग एक दिवस बातमी आली. दक्षिणेतल्या एका पक्क्या ट्रॅकवर नवी व्यावसायिक मालिका सुरू होणार, आणि तिच्यात सगळ्यांना एकाच कारखान्याच्या, एकसारख्या गाड्या. तेच इंजिन, तेच टायर, तेच पेट्रोल. बॉनेटला सील. कुठली गाडी कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. मिस्त्रीनं हात लावायचा नाही. म्हणजे माझ्यासारख्याचं काम काय, तर काच पुसायची!

मी टपरीवर थयथयाट केला. "ही काय शर्यत हाय? सगळ्या गाड्यांचा आवाज एकच. आपल्याकडं लोक डोळे झाकून सांगायचे, ही लातूरची आली, ही सोलापूरची आली. आता काय रंग बघून टाळ्या वाजवायच्या? आन सारख्या म्हणजे किती सारख्या? एका कढईतली दोन भजीसुद्धा सारखी न्हाईत." माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लोक माणसासाठी येतात तसे गाडीसाठीही येतात. गाडीची गंमतच काढून घेतली तर मालिका चालेल का, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे.

भाई मात्र खूश होता. कप खाली ठेवून म्हणाला, "मला पायजेच हाय हे. आता म्हैस न्हाई, मिस्त्री न्हाई. आता कळंल लोकाला, दहा वर्षं कोण जिंकत होतं." त्याची चाळिशी जवळ आली होती. आयुष्यात त्याला दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं. पहिल्या हंगामात त्याचं नाव निवडलं गेलं, तेव्हा नांदेडात त्यानं पेढे वाटले.

मी सोबत गेलो. हात लावायचा नव्हता, पण डोळे लावायला कुणाची बंदी होती? तिथं गेल्यावर आधी सील दिसलं. बारीक तार आणि तिच्यावर शिसाचा ठिपका, अगदी वडलांच्या तराजूला असायचा तसाच. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, झालं, इथंही तेच.

पहिल्या शर्यतीत भाई नववा आला. दुसरीत अकरावा. ज्यानं दहा वर्षं पुढं कुणाला जाऊ दिलं नव्हतं, त्याच्या पुढून काल मिसरूड फुटलेली पोरं जायला लागली. दुसऱ्या शर्यतीनंतर तो हेल्मेट काढून कठड्यावर बसला, तोंड काळवंडलेलं. म्हणाला, "मिस्त्री, माझ्या गाडीला काटा मारलाय."

मला तर तेवढंच पाहिजे होतं! मी तरातरा आयोजकांच्या माणसाकडं गेलो आणि आवाज चढवला. चिठ्ठ्या कुणी टाकल्या, डब्यात कुणी हात घातला, दोन्ही शर्यतींत पहिला आलेल्या त्या पुण्याच्या पोराला चांगलीच गाडी कशी लागली, सगळं विचारलं. तो माणूस थंडपणे म्हणाला, इंजिन उघडता येणार नाही. मी म्हटलं, "उघडू नका. सील तसंच राहू द्या. पारडी बदला."

त्याला कळलं नाही. मी समजावलं. उद्याच्या सरावात आमचा माणूस पुण्याच्या पोराच्या गाडीत बसू द्या, आणि ते पोरगं आमच्या गाडीत. वेग गाडीबरोबर गेला तर तुमचा काटा खोटा. माणसाबरोबर गेला तर मी माफी मागतो. तो मान तिरकी करून माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, दोघं चालक तयार असतील तर करा. पुण्याचं पोरगं लगेच तयार झालं. "घ्या की काका," म्हणालं, आणि सीटवरच्या स्वतःच्या उशीसकट गाडी देऊन टाकली. मला त्या पोराचीही शंका आली. एवढ्या सहज देतोय म्हणजे ह्यात काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अर्ध्या ट्रॅकचं अंतर ठेवून सुटले. मी भिंतीपाशी घड्याळ घेऊन उभा होतो. आदल्या दिवशी भाई त्या पोरापेक्षा एका फेरीला सव्वा सेकंद मागं होता. आता गाड्या बदलल्या होत्या. पहिली फेरी झाली. सव्वा सेकंद. दुसरी झाली. सव्वा सेकंद, कणभर जास्तच. पोरगं आमच्या त्या "काटा मारलेल्या" गाडीत तसंच पळत होतं, आणि भाई त्याच्या "चांगल्या" गाडीत तसाच मागं होता. दांडी सरळ होती. तिथं वडील असते तर म्हणाले असते, काटा खरा हाय, पुढचा माल आणा.

मी शेवटच्या वळणाकडं गेलो, कारण कुठं जातोय हा वेळ ते मला बघायचं होतं. आणि मला ते दिसलं. खरं सांगायचं तर आधीपासूनच माहीत होतं. भाई वळणाआधी लवकर ब्रेक दाबतो. दहा वर्षं दाबत होता. मुखेडच्या माळावर पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं होतं, आणि मी त्याला एका शब्दानं बोललो नव्हतो. मी गाडीच तशी बांधली. गिअर असे जुळवले की वळणातून बाहेर पडताना ती उसळून निघावी आणि ब्रेकमध्ये गेलेला वेळ भरून काढावा. मला वाटायचं, ही माझी हुशारी. त्याची चूक मी माझ्या गाडीत झाकून टाकली होती, आणि हार गळ्यात घालून तो ती चूक दहा वर्षं पक्की करत गेला.

पुण्याचं पोरगं गाडीतून उतरून माझ्याकडं आलं. हळूच म्हणालं, "काका, ते ब्रेक फार लवकर मारतात. सांगा ना त्यांना. एका आठवड्यात जमेल. पाहिजे तर मी बरोबर बसून दाखवतो." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी मान डोलावली.

आयोजकांच्या माणसानं वेळांचा छापलेला कागद माझ्या हातात दिला आणि निघून गेला. समोरून भाई येत होता. घामानं निथळलेला, पण डोळ्यांत आशा होती. कागदाकडं त्यानं बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "काय निघालं?"

आता सांगतो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दहा वर्षं मी ज्याची वाट बघितली तो कागद माझ्या हातात होता. गाडी जिंकत होती, माणूस नाही, हे शिक्क्यासकट लिहिलेलं होतं. आणि मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "तुझं बरोबर हाय भाई. त्याच्या गाडीत तू लई भारी पळालास. तो तुझ्या गाडीत मागं पडला. काटाच मारलाय."

त्यानं डोळे मिटले, लांब श्वास सोडला. "मला माहीत होतं," म्हणाला. मग एकदम उसळला, "चल, तक्रार करू!" मी त्याचा दंड धरला. "कुणाकडं करतोस? काटा त्यांचा, सील त्यांचं, चिठ्ठ्या त्यांच्या. उपयोग न्हाई." आणि माझ्यासारख्या संशयी माणसाचं बोलणं त्याला खरं वाटलं. त्या हंगामाच्या तीन शर्यती बाकी होत्या. त्या न खेळता आम्ही परत आलो.

त्यानंतर भाईनं शर्यत सोडली. ट्रकच्या बॉड्या बांधायला लागला. पण ती गोष्ट त्यानं सोडली नाही. नांदेडात, लातुरात, कुठंही चारजण जमले की सांगायचा, सारख्या गाड्या म्हणजे सगळा बनाव, ज्याला जिंकवायचं त्याला चांगली गाडी देतात. कुणी शंका काढली की माझ्याकडं बोट दाखवायचा. "ह्या मिस्त्रीला विचारा. ह्यानं सोता पारडी बदलून बघितलीत." मी मान हलवायचो. एकदा हलवली की पुन्हा पुन्हा हलवावी लागते. आमच्या भागातून दोन-चार पोरं त्या मालिकेत जायचं म्हणत होती, ती हे ऐकून गेली नाहीत. मालिका काही बुडाली नाही. आजही चालू आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास भाई लातूरला आला, सोबत त्याची मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी माझ्या गॅरेजात पाना हातात घेऊन फिरलेली, म्हणून मला चाचा म्हणते. भाई येताच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, हिला जरा समजून सांग. त्या सारख्या गाड्यांच्या शर्यतीला पोरींची निवड हाय म्हणं. मला न विचारता नाव देऊन आली. आता फॉर्मवर माझी सही मागायली. मी म्हणलं, चल चाचाकडं, तोच सांगंल तिथं काय चालतंय."

मुलगी उभीच राहिली. तिच्या हातात फॉर्म होता. ती म्हणाली, "चाचा, मला तुमच्यासारखा मिस्त्री कुठून मिळणार? जुन्या नियमांनी मला कुणी गाडीपाशी तरी उभं केलं असतं का? इथं गाडी सगळ्यांना तीच आहे. माझ्याकडं फक्त मी आहे. म्हणून मला जायचंय." मग बापाकडं न बघता मला म्हणाली, "अब्बा म्हणतात बेइमानी आहे. तुम्ही पारडी बदलून पाहिली होती ना? खरं सांगा. काय निघालं होतं?"

वडलांचा जुना तराजू माझ्या गॅरेजात खुंटीला टांगलेला आहे. त्याच्याखाली वजनांची लाकडी पेटी. त्या पेटीत तो कागद पडून होता. का ठेवला होता, मलाही सांगता येणार नाही. फाडवत नव्हता एवढं खरं.

मी भाईकडं बघितलं. तो निवांत बसला होता, माझ्यावर पूर्ण भरवसा टाकून. मी म्हणालो, "गाड्या सारख्या होत्या, बेटा."

भाईला वाटलं मी थट्टा करायलोय. हसला. मग त्याचं हसू थांबलं. "काय म्हणालास?"

"सारख्या होत्या भाई. मी खोटं बोललो होतो."

गॅरेजात टायरची हवा भरायचं मशीन चालू होतं, ते मी उठून बंद केलं. मला वाटलं तो आता उठेल, माझी गचांडी धरेल. धरली असती तरी मी काही बोललो नसतो. पण तो बसूनच राहिला. मग म्हणाला, "आकडा हाय का?"

इतक्या वर्षांत त्यानं आकडा मागितल्याचं मला आठवत नाही. मी पेटीतून कागद काढून दिला. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत एकेक ओळ वाचली. "सव्वा सेकंद," म्हणाला. "माझ्या गाडीतबी सव्वा. त्याच्या गाडीतबी सव्वा." कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "म्हंजे दहा वर्षं तूच जिंकत होतास की रे."

किती वर्षं मला हे वाक्य ह्याच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं! आता ऐकलं आणि मला रडू फुटलं. मी म्हणालो, "न्हाई भाई. तू लवकर ब्रेक मारायचास. तेवढंच होतं. मी गाडी तशी बांधून ते झाकलं. त्या पुण्याच्या पोरानंबी तेच सांगितलं होतं, आठवड्यात जमंल म्हणाला होता. मी तुला सांगितलं न्हाई."

"ब्रेक?"

"हाव."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं उजवा पाय थोडा पुढं केला आणि सिमेंटच्या फरशीवर हळूच दाबला, जणू खाली पॅडल आहे. एकदा दाबला. मग थांबून, जरा उशिरा, पुन्हा दाबला. माझ्याकडं बघून म्हणाला, "शिकलो असतो की रे मी."

त्यानं मुलीच्या हातातला फॉर्म ओढून घेतला, माझ्या टेबलावरचा पेन उचलला आणि सही केली. फॉर्म तिच्या हातात देताना वेळांचा तो कागदही तिच्याच हातात दिला आणि म्हणाला, "जा. पण आकडा तुझा तू बघत जा. दुसऱ्याच्या हातात देऊ नको, किती बी जवळचा असू दे."

मग तो उठला, चहा न घेता बाहेर गेला, आणि मोटरसायकलवर मुलीला मागं बसवून नांदेडच्या रस्त्याला लागला.